एसी चालूच होता

आमच्या गाडीचा एसी मधूनच बंद पडतो, हे मला कळलं ते सासऱ्यांच्या एका तक्रारीमुळे. त्यांनी तक्रार एसीची केली नव्हती, माझी केली होती.

मी कर्नाटकातल्या भालकीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. गाडी चालवायला शिकलो तेव्हा चाळिशी उलटली होती, आणि गाडी घेतली तीही जुनी, एका डॉक्टरांनी चांगली जपलेली. बॉनेट उघडायचं बटण कुठं आहे हे मला माहीत होतं, कारण ते दाबल्याशिवाय काचेच्या फवाऱ्यात पाणी घालता येत नाही. त्याच्या पलीकडे त्या गाडीच्या पोटात काय काय आहे, याची मी कधी चौकशी केली नाही. एसी चालायचा. उन्हाळ्यात इकडे तेवढं पुरतं.

सासऱ्यांबद्दल आधी सांगायला हवं. माझी बायको धनगरांच्या घरची, आम्ही बौद्ध. लग्न आम्ही रजिस्टर केलं. वर्ष व्हायच्या आतच सासूबाई बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन घरी यायला लागल्या. मेव्हणा पुण्याहून फोन करायचा, दिवाळीला येऊन जायचा. सासरे तेवढे आले नाहीत. भांडले नाहीत, वाईट बोलले नाहीत, कोणाला काही पाठवून दिलं नाही की परत केलं नाही. नुसते आले नाहीत. आमची मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात येऊन तिला बघून गेले, तिच्या मुठीत काहीतरी ठेवलं आणि तिथूनच बसनं गावी परतले. त्यांचं गाव आमच्या घरापासून मोटारसायकलनं अर्ध्या तासावर. अशी दहा-अकरा वर्षं गेली.

मग साखरेनं त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज आली. उजवा डोळा जवळपास गेल्यातच जमा होता, डावा वाचवायचा होता. लातूरच्या डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यायला सांगितलं, महिन्याला एक. पहिल्या वेळेस मेव्हणा रजा काढून आला. दुसऱ्या वेळेस त्याला रजा मिळेना. इंजेक्शननंतर डोळ्याला धूळ आणि वारा लागू द्यायचा नव्हता, म्हणजे बस नाही. माझी बायको सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिनं ड्युटीवरून आल्या आल्या चप्पल काढता काढता सांगितलं, "अप्पांना तुम्ही न्यायचं." विचारलं नाही, सांगितलं. तिकडूनही सासूबाईंच्या तोंडून निरोप आला, गाडी येऊ दे म्हणून.

निरोपातला 'गाडी' हा शब्द मला नंतर नीट कळला. मला हाक काय मारायची, हा प्रश्न सासऱ्यांनी फार शिताफीनं सोडवला होता. ते मला गाडी म्हणायचे. "गाडी किती वाजता निघायलीय?" असं मागं वळून सासूबाईंना विचारायचे, मी समोर उभा असताना. उदगीरच्या अलीकडे एका हॉटेलाजवळ म्हणाले, "गाडीला च्या घ्यायचा असंल तर थांबू दे." मी त्यांना मामा म्हणायचो. आमच्यात सासऱ्याला तसंच म्हणतात. त्यावर ते हूं म्हणायचे.

संक्रांतीनंतरची ती माझी पहिली फेरी. येताना त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून बजावलं होतं, काचा बंद ठेवा, एसी असेल तर उत्तमच. मला जरा बरं वाटलं. म्हटलं, आपल्याकडे त्यांना द्यायला निदान एक गार गाडी आहे. लातूर सुटल्यापासून उदगीरपर्यंत झकास गार होतं. उदगीरच्या गर्दीत शिरलो आणि वारा कोमट यायला लागला. गाव सुटलं, परत गार. मी फारसं मनावर घेतलं नाही. मग भालकीच्या अलीकडे, कारखान्याच्या फाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. एकेका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, त्यातला ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आलेला, पुढे जायला जागा नाही. तिथं आम्ही बराच वेळ मुंगीच्या पावलानं सरकत होतो आणि आतला वारा अंगावर आल्यासारखा गरम झाला. सासरे टॉवेलानं मान पुसत होते. मी बटणं दाबत होतो. फाटा ओलांडला, गाडीनं वेग घेतला, आणि त्यांच्या गावात पोचेपर्यंत पुन्हा गार.

दुसऱ्या दिवशी बायको आईशी फोनवर बोलून आली ती हसू दाबत.

"अप्पा म्हणायलेत, गाडीवाला गाव आलं की एसी बंद करतोय. पेट्रोल वाचवायला."

मला ते फार लागलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल केलेलं पहिलं विधान, आणि ते हे. मी म्हटलं, एसी चालूच होता. ती म्हणाली, मला काय सांगता, त्यांना सांगा. ते कसं सांगायचं, हाच तर प्रश्न होता.

रविवारी गॅरेजला गेलो. आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज आहे. तिथला मिस्त्री चांगला माणूस, घाईत काही करत नाही. त्यानं गाडी चालू केली, एसी लावला आणि आत, वारा येतो त्या जाळीत थर्मामीटर खोचून वाट बघत बसला. आम्ही दोघं चहा प्यालो. आत इतकं गार झालं की काचेवर बाहेरून धुकं धरलं.

"सर, बर्फ पडायलाय की," तो म्हणाला.

त्यानं आतला फिल्टर काढून दाखवला. त्यात उसाची पाचट, लिंबाचा पाला आणि एक वाळलेली पाल निघाली. वाऱ्याला वाट मिळत नव्हती म्हणाला. फिल्टर झटकला, गॅस तपासला, गॅस बरोबर होता. मी समाधानानं घरी आलो. चार दिवस सगळं ठीक चाललं. पाचव्या दिवशी दुपारी बाजारात भाजीच्या गाड्यांमध्ये अडकलो आणि आतून पुन्हा गरम वारा. तसाच गाडी वळवून गॅरेजकडे निघालो. गॅरेजच्या दारात पोचेपर्यंत वारा गार झाला होता.

हे असं तीन-चारदा झालं. गाडी मला एकट्याला गाठून त्रास द्यायची आणि मिस्त्रीसमोर शहाण्यासारखी वागायची. शेवटी शेवटी तर मी बाहेरूनच त्याला ओरडून बोलवायचो, तो येऊन जाळीपुढे हात धरायचा, आणि माझ्याकडे बघायचा. एकदा त्यानं अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "सर, तुम्हाला बीपीचा तरास हाय का?" मला कळलं, सासऱ्यांना मी चिंगूस वाटतो आणि मिस्त्रीला आजारी. एसी बिघडला आहे असं मानणारा जगात मी एकटाच.

एकटाच नव्हे, बायकोनं मात्र मानलं. पेशंट म्हणतो दुखतंय, तर दुखतंय, असं तिचं धोरण आहे. ती फोनवर व्हिडिओ बघायला लागली. एका संध्याकाळी बॉनेट उघडून तिनं मला एक काळी डबी दाखवली, तिच्यात लहान लहान चौकोनी ठोकळे खोचलेले. त्यांना रिले म्हणतात आणि हॉर्नचा आणि एसीचा रिले एकसारखाच असतो, असं ती म्हणाली. दोघांची अदलाबदल करायची. एसीचा खराब असेल तर एसी सुधारेल आणि हॉर्न मधूनच बंद पडेल. कल्पना मला एकदम पटली. आम्ही ठोकळे बदलले. पुढचा आठवडा मी भालकीभर विनाकारण हॉर्न वाजवत फिरलो. हॉर्न एकदाही चुकला नाही. एसी मात्र आधीसारखाच, मन मानेल तेव्हा.

मी नाराज झालो. ती नव्हती. "रिले न्हाई एवढं तर कळलं की," ती म्हणाली.

दुसरी फेरी शिवरात्रीच्या सुमाराची. या वेळेस मी ठरवलं होतं की पुरावा द्यायचा. सासरे पुढच्या सीटवर बसले, मी गाडी सुरू केली, एसी लावला आणि म्हटलं, "मामा, हे बघा, हे एसीचं बटण. आत दाबलेलं आहे. त्यात निळा दिवा लागलाय."

"दिवा दिसंना मला," ते म्हणाले.

ते खरंच होतं. मग मी त्यांचं बोट धरलं आणि बटणावर टेकवलं. दाबलेलं कसं लागतं, न दाबलेलं कसं लागतं, दोन्ही करून दाखवलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताला माझा हात पहिल्यांदाच लागत होता. आम्ही दोघांनीही तसं काही झालेलं नाही असं दाखवलं. त्यांनी बटण परत एकदा स्वतः चाचपलं, हूं म्हणाले, आणि मग हाताचा पंजा उघडून समोरच्या जाळीवर ठेवला. तो त्यांनी लातूरपर्यंत तिथून काढला नाही.

उदगीरच्या बाजारात म्हणाले, "गेलं."

मी बटण चाचपायला सांगितलं. त्यांनी चाचपलं. बटण आतच होतं. गाव सुटल्यावर म्हणाले, "आलं." आणि मग, बऱ्याच वेळानं, खिडकीकडे तोंड करून, "मला वाटलं व्हतं गाडीच बंद करायलीय." मी तेवढ्यावर समाधान मानलं. गाडीची कोणी माफी मागावी ही अपेक्षा नव्हती.

त्यानंतर मात्र त्यांना त्या एसीनं धरलंच. या रस्त्यानं त्यांनी लहानपणी बापाबरोबर मेंढरं नेलेली. डांबर नव्हतं तेव्हाचे चढ-उतार त्यांना डोळे मिटून माहीत होते, आणि आता तर डोळे मिटल्यासारखेच होते. त्यांचा पहिला अंदाज असा की चढावर इंजिनाला जोर लागतो म्हणून एसी सोडून देत असेल. प्रत्येक चढाला ते आधीच सांगायचे, आता चढ येतोय, बघा. चढावर गार वारा मजेत यायचा. तो अंदाज त्यांनी स्वतःच मोडीत काढला. मग म्हणाले, शेतातल्या विहिरीवरची मोटार तापली की आपोआप बंद पडते, निवली की चालू होते, तसं काहीतरी असणार. मी म्हटलं, तसं नाही मामा, गॅस कुठंतरी गळत असणार. गॅस बरोबर आहे हे मिस्त्रीनं सांगून झालं होतं, तरी मी गॅसवरच अडून बसलो होतो, कारण मला तेवढा एकच शब्द येत होता.

येताना, पट्टी बांधलेली असताना, त्यांनी एक गोष्ट पक्की केली. गाडी पळताना गार येतं, गाडी थांबली की जातं. हे मी आधीच ओळखायला हवं होतं, पण चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं. त्यांना दुसरं काही कामच नव्हतं. गेलं, आलं, गेलं, आलं, असं ते क्रिकेटची कॉमेंट्री दिल्यासारखं सांगत होते. फक्त एका खेड्यात घोटाळा झाला. गाडी हळू होती, वारा गरम होता, स्पीडब्रेकरवर गाडी दणकन आपटली आणि लगेच गार वारा सुरू झाला.

"आदळली अन् आलं," ते म्हणाले.

मी म्हटलं, योगायोग. ते म्हणाले, न्हाई. मी म्हटलं, आदळल्यामुळे कसं येईल. ते म्हणाले, कसं ते गाडीला विचारा. मी म्हटलं, मामा, आता तरी मला गाडी म्हणू नका. हे माझ्या तोंडून निघून गेलं. ते म्हणाले, "मी गाडीलाच गाडी म्हणायलोय. तुम्हाला न्हाई."

म्हणजे ते मला तुम्ही म्हणाले होते. पण त्या क्षणी माझं डोकं स्पीडब्रेकरवर होतं. मी गाडी वळवली आणि म्हटलं, चला, परत आदळून बघू. त्या स्पीडब्रेकरवरून आम्ही चार वेळा गेलो. पारावर बसलेली माणसं बोलायची थांबून आमच्याकडे बघत राहिली. एकानं कन्नडात विचारलं की काय हरवलंय का. एसी मात्र आधीच चालू झालेला असल्यामुळे तो काही परत चालू होईना, आणि आमचा वाद होता तिथंच राहिला. सासऱ्यांच्या गावापर्यंत आम्ही भांडत गेलो. उतरताना त्यांनी सासूबाईंना सांगितलं, "लय हेकट मानूस हाय." बायको म्हणते, त्यांच्या तोंडी ही स्तुती असते. मला तसं काही वाटलं नाही.

तिसरी फेरी पाडव्याच्या अलीकडची. उन्हं आता चांगलीच चढली होती. लातूरचं काम आटोपून परत येताना, उदगीर मागे टाकल्यावर, एका ठिकाणी रस्त्याचं काम चाललेलं. एक बाजू खणून ठेवलेली, दुसऱ्या बाजूनं आळीपाळीनं गाड्या सोडत होते. समोर मालाचे ट्रक, उसाचे शेवटचे ट्रॅक्टर, आणि सगळीकडे पांढरी धूळ. काचा उघडायची सोय नाही. एसी गेला तो गेलाच. मी गाडी इंचाइंचानं पुढे नेत होतो आणि शेजारी सासऱ्यांच्या पट्टीखालून घाम गालावर उतरत होता. घाम डोळ्यात जाऊ द्यायचा नव्हता. ते टॉवेलानं टिपत होते, पण त्यांचा श्वास जड झाला होता आणि त्यांनी 'गेलं' म्हणणंही सोडून दिलं होतं. मी घाबरलो.

बायकोला फोन लावला. गाडी चालवत असल्यामुळे फोन स्पीकरवर होता. तिनं नीट ऐकून घेतलं, शुगरची गोळी किती वाजता घेतली ते विचारलं, आणि मग म्हणाली, "तिथून तुमचं गाव जवळच हाय की. आईंकडं न्या. ऊन उतरल्यावर निघा."

माझं गाव तिथून खरंच जवळ होतं, डावीकडे फुटणाऱ्या रस्त्यानं दहा मिनिटांवर. मला ते सुचलं नव्हतं असं नाही. पण ते मी बोललो नसतो. सासऱ्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पुढचा ट्रक हलला, आम्ही थोडं सरकलो, डावीकडचा फाटा दिसायला लागला.

"चला," ते म्हणाले. "उन्हात बसून काय करायलाव."

माझी आई अंगणात शेळ्यांना पाला टाकत होती. गाडीतून कोण उतरतंय हे तिला पट्टीमुळे लगेच कळलं नाही. कळल्यावर तिनं हातातला पाला तिथंच ठेवला, पदर नीट केला आणि म्हणाली, "या पाव्हणं. आत गार हाय." ते आत आले. वर पत्रा नसून जुन्या धाब्याचं घर आहे ते, आत खरंच गार असतं. पंख्याखालच्या खाटेवर बसले. आईनं दाराच्या चौकटीत उभं राहून विचारलं, पाणी देऊ का. एरवी आमच्याकडे पाहुण्याला पाणी द्यायला कोणी विचारत नाही, तांब्या पुढे येतो. तिनं मुद्दाम विचारलं होतं. नको म्हणायचं असेल तर त्यांना म्हणता यावं म्हणून.

"द्या की," ते म्हणाले. "अन् च्या बी ठेवा थोडा. साखर टाकू नका."

आईनं पाणी दिलं आणि चहा ठेवायला म्हणून आत गेली. बिनसाखरेचा दोन कप चहा करायला तिला फार वेळ लागला. मी आत जाऊन बघितलं नाही.

चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा तिचं नेहमीचं बोलणं सुरू झालेलं होतं. इंजेक्शन डोळ्यात खुपसतात म्हणजे सुई दिसते का, हे तिनं विचारलं. ते म्हणाले, दिसते, पण दुखत नाही. मग बाहेर एक शेळी खोकली. सासऱ्यांनी कान टवकारले आणि ही कधीपासून खोकतीय म्हणून विचारलं. तिथून पुढे मला त्या संभाषणात जागा उरली नाही. पिल्लं किती, दूध किती, मेंढी बरी की शेळी बरी. त्यावर दोघांची मतं पार वेगळी होती. मी तासभर आडवा झालो.

ऊन कलल्यावर निघायच्या आधी मी म्हटलं, गाडी जरा बघतो. ती थांबलेली असताना एसी जातो, तर थांबवूनच बघू. गाडी सुरू केली, एसी लावला, बॉनेट उघडलं. सासरे मागून आले आणि न सांगता आपल्या जागेवर जाऊन बसले, दार लावून घेतलं. थोड्या वेळानं काचेआडून त्यांनी हात हलवून खूण केली. गेलं.

मी आत वाकून बघत होतो. पुढच्या जाळीमागे शेजारी शेजारी दोन पंखे आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. त्यातला एक गरगरत होता. दुसरा ढिम्म उभा. गॅरेजमध्ये दोन्ही फिरताना मी बघितले असणार, पण दोन आहेत हे डोक्यात शिरलं नव्हतं. मी मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, दुसरा पंखा एसीचा. एसी लावला की तो फिरलाच पाहिजे. गाडी पळत असली की समोरचा वारा आपोआप लागतो, मग पंख्याचं काही अडत नाही. गाडी थांबली आणि पंखा फिरला नाही, तर पुढचा भाग तापतो आणि एसी स्वतःला वाचवायला बंद होतो. म्हणजे सासऱ्यांची विहिरीवरची मोटार. मी ते त्यांना काच थोडी खाली करायला लावून सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आदळल्यावर कामून येतंय?"

मी मिस्त्रीला तेही विचारलं. तो हसला. म्हणाला, मोटार आत अडकत असंल, धक्का बसला की सुटत असंल. पात्यांपासून हात लांब ठेवा अन् मागून मोटारीला हळू ठोकून बघा.

ठोकायला काय, म्हणून मी इकडे तिकडे बघत होतो. आई आत गेली आणि लाटणं घेऊन आली. "ह्येनं ठोक," म्हणाली, "पण धुऊन दे." मी पंख्याच्या मागच्या बाजूला, मोटारीच्या गोल डब्यावर, लाटण्याच्या टोकानं टक टक केलं. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा पातं थरथरलं, अर्धं फिरलं, थांबलं, आणि मग एकदम सुटलं. आम्ही आई-लेक मागं सरकलो. थोडा वेळ पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.

काचेआडून आवाज आला, "आलं."

"काय आलं?" आईनं विचारलं.

मी म्हटलं, गार वारं. तिला ते बघायचंच होतं. ती दुसऱ्या दारानं माझ्या सीटवर जाऊन बसली, तिनंही जाळीपुढे हात धरला. ती त्या गाडीत पुढे कधी बसली नव्हती. दोघं काचा लावून आत बसलेले, समोर बघत, मेंढी-शेळीचं राहिलेलं बोलणं पुरं करत. मी लाटणं हातात धरून उन्हात उभा होतो. मला काही त्यांना उठवावंसं वाटेना.

वाटेत मी कबूल केलं की स्पीडब्रेकरचं तुमचं बरोबर होतं. ते म्हणाले, "तुमचं गॅसचं तेवढं चुकलं." कारखान्याच्या फाट्यावर पंखा परत अडकला. लाटणं आईकडे राहिलं होतं. मी खाली उतरून पान्यानं ठोकलं, मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला, आणि आम्ही पुढे निघालो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं मोटार उघडून दाखवली. आतले कार्बनचे तुकडे झिजून गेलेले, कधी टेकायचे, कधी नाही. तो म्हणाला, तुम्ही खरं बोलत होता सर, माझ्यासमोर तो नेमका फिरायचा. नवी मोटार बसवली. चौथ्या फेरीत एसी एकदाही गेला नाही. इतका गेला नाही की उदगीरच्या बाजारात सासऱ्यांनी टॉवेल अंगाभोवती घेतला आणि जरा कमी करा म्हणाले. मग झोपले ते थेट गाव आल्यावर उठले. मला तो प्रवास जरा सुना सुना वाटला.

त्यांचा डावा डोळा वाचला. पेपर वाचता येत नाही, पण माणूस ओळखू येतो, म्हशीला चारा टाकता येतो. आमच्या घरी ते अजून मुक्कामाला आलेले नाहीत. चहाला येतात, बाजाराच्या दिवशी, सासूबाईंच्या मागोमाग. मधल्या वर्षांबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

थंडीत त्यांचा फोन आला. थेट मला. ज्वारी हुरड्याला आलीय, रविवारी या, आईला पण आणा. आम्ही सगळे गेलो. शेतात आगटी पेटवलेली, शेजारपाजारचे आठ-दहा जण होते. हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही. आई आणि सासूबाई कणसं चोळत बसल्या, मुलगी ज्वारीच्या ताटांमध्ये हरवत होती आणि सापडत होती.

मी दुसरी मूठ तोंडात टाकली तेवढ्यात एक गृहस्थ आले. धोतर, मफलर, खिशात दोन पेनं. मला नमस्कार करून म्हणाले, तुम्हीच का ते जावई? अप्पा सगळ्यास्नी सांगायलेत, आमचा जावई एसीतला लय जानकार हाय. माझ्या पिकअपचा एसी येईना झालाय, जरा बघता का. मी सासऱ्यांकडे बघितलं. ते निखाऱ्यात कणीस फिरवत होते, त्यांना काही ऐकू आलं नसावं असं दाखवत. मी म्हटलं, मी इतिहासाचा मास्तर आहे. त्यावर ते गृहस्थ म्हणाले, व्हय व्हय, अप्पांनी ते पण सांगितलंय.

हात पुसून उठलो. बांधापलीकडे पिकअप उभी होती. बॉनेट उघडलं. एक पंखा होता. दुसरा शोधला. मग डब्या शोधल्या, रिले शोधले, पाइप शोधले. आत जाऊन बटणं बघितली. वाऱ्याचं बटण होतं, दुसरं काहीच नव्हतं. सासरे एव्हाना कणीस घेऊन मागे येऊन उभे राहिले होते, आणखी चार जण त्यांच्या मागे.

"काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"मामा," मी म्हटलं, "हिच्यात एसीच न्हाई."

सगळे पिकअपच्या मालकाकडे बघायला लागले. तो म्हणाला, घेताना तर आहे म्हणून सांगितलं होतं. सासऱ्यांनी कणसाचे दाणे तळहातावर काढले, फुंकर मारून कोंडा उडवला आणि त्यातले अर्धे माझ्या हातावर ठेवले.

"बसवता येत असंल तर बघा," ते म्हणाले.